छत्री उंच कशाला?

आमच्या वाडीत डिशची छत्री कौलांवर उंच लावतात. आजोबा सांगतात, पूर्वी सळ्यांचा अँटेना बांबूला बांधून असाच वर चढवायचे. पण तेव्हा टीव्हीचे चित्र दूरच्या मनोऱ्यावरून यायचे, मध्ये डोंगर आडवा, म्हणून उंची लागे. आता ते सुमारे ३६,००० किलोमीटर वरच्या उपग्रहावरून येते. तिथे चार हात चढून काय फरक पडणार? डीडी फ्री डिशच्या छत्रीला आग्नेयेकडचे आकाश मोकळे हवे, झावळे आड नकोत, बस्स. माझ्या मते ती खळ्यात खांबावर लावावी. २०२१ च्या तौक्ते वादळात कौलेच उडाली, मग छत्री कशी टिकेल? शिवाय खाऱ्या वाऱ्याने स्क्रू गंजतात. खाली असले तर तेल लावता येते. आई म्हणते, “गुरां धक्को मारतली!” ते खरे, छत्री जराशी हलली तरी चित्र जाते. मग भोवती कुंपण घालू.