असं कसं चालतं? : शहाणी चाकं

बालमित्रांनो, आज एका कोड्याने सुरुवात करू या. बैलगाडीची चाकं आणि मोटारगाडीची चाकं, यांत सगळ्यात मोठा फरक कोणता?

'एक लाकडाचं, दुसरं रबराचं,' असं कुणीतरी पटकन सांगेल. ते खरंच आहे, पण मोठा फरक तो नाही. बैलगाडीची चाकं नुसती फिरतात. गाडी ओढतात ते बैल! त्यांचे खूर मातीत रुततात, मातीला मागे रेटतात आणि गाडी पुढे जाते. मोटारीपुढे बैल नसतात. तिथे बैलाचं कामही चाकालाच करावं लागतं. इंजिन चाकाला पीळ देतं, चाक रस्त्याला मागे ढकलतं आणि रस्ता गाडीला पुढे ढकलतो. न्यूटनचा तिसरा नियम आठवला ना? तोच हा!

आता गंमत बघा. जिला आपण 'चारचाकी' म्हणतो तिची चारही चाकं हे काम करतातच असं नाही. बहुतेक मोटारींत दोनच चाकं कामाची. उरलेली दोन बैलगाडीच्या चाकांसारखी नुसती गडगडत येतात. आजच्या लहान गाड्यांत बहुधा पुढची दोन चाकं राबतात, जुन्या अँबॅसडरमध्ये मागची दोन राबत. कोरड्या डांबरी रस्त्यावर तेवढं पुरतं. अडचण येते ती चिखलात, वाळूत, ओल्या गवतावर आणि बर्फात.

का येते? वहीपेन्सिल घ्या, छोटंसं गणित करू.

समजा, एका मोटारीचं वजन १५०० किलो आहे आणि तिची पुढची दोन चाकं जोर लावतात. इंजिन पुढे असल्याने त्या दोन चाकांवर जास्त भार, म्हणजे साधारण ९०० किलो. रस्त्यावर दाबून घट्ट झालेला बर्फ आहे. अशा बर्फावर रबराची पकड, चाकावर जेवढं वजन असतं त्याच्या साधारण पाचवा हिस्सा असते. म्हणजे पुढची चाकं फार तर १८० किलोइतका जोर लावू शकतात. त्याहून जास्त पीळ दिला, तर चाकं जागच्या जागी गरगरणार. आता समोर एक चढ आला. दर ७ मीटरला १ मीटर उंच जाणारा. हा चढ गाडीला मागे ओढतो तो तिच्या वजनाच्या सातव्या हिश्श्याने, म्हणजे २१४ किलोने. पुढे १८०, मागे २१४. गाडी चढेल? मुळीच नाही! इंजिन कितीही दांडगं असलं तरी नाही.

आता चारही चाकांना जोर द्या. सगळं १५०० किलो वजन कामाला लागलं. त्याचा पाचवा हिस्सा ३०० किलो. गाडी चढ चढून गेली! इंजिन तेच, टायर तेच, बर्फही तोच. फरक एवढाच की दोन बैलांच्या जागी चार बैल जुंपले.

'मग सगळ्याच गाड्यांना चारही चाकांचा जोर का देत नाहीत?' असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर शाब्बास! प्रयत्न फार जुने आहेत. १९०० सालीच फर्डिनांड पोर्शं यांनी चारही चाकांत विजेची मोटार असलेली एक गाडी बनवली होती. १९०३ साली हॉलंडच्या स्पायकर बंधूंनी पेट्रोलवर चालणारी तशी गाडी तयार केली. दुसऱ्या महायुद्धात विलिज जीपने तर चिखल, वाळू, बर्फ सगळं तुडवलं. तीच जीप स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र कंपनीने भारतात आणली. पण रोजच्या मोटारीत ही युक्ती शिरायला कितीतरी वर्षं लागली. आडवं आलं ते वळण!

शाळेत कवायत करताना चौघाचौघांची रांग वळते तेव्हा काय होतं? आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागी पाय आपटतो आणि बाहेरच्या टोकाच्या मुलाला ढांगा टाकत पळावं लागतं. चौघांनी सारखीच पावलं टाकली तर रांग वळणारच नाही. मोटारीचंही तसंच. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. म्हणून दोन चाकांच्या मध्ये एक दात्यांची पेटी असते, डिफरन्शियल. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी वाफेच्या गाडीसाठी १८२०च्या दशकातच तिचं पेटंट घेतलं होतं. या पेटीमुळे दोन्ही चाकांना सारखा पीळ मिळतो, पण वेग मात्र आपापला ठेवता येतो.

या 'सारखा पीळ' मध्येच एक खोट आहे. एक चाक घट्ट मुरुमावर आहे आणि दुसरं बुळबुळीत चिखलात. चिखलातल्या चाकाला फिरायला पीळ लागतो जेमतेम. मग चांगल्या चाकालाही तेवढाच जेमतेम पीळ मिळतो! पावसाळ्यात तुम्ही पाहिलं असेल, एक चाक चिखल उडवत भन्नाट फिरतंय आणि कोरड्यावरचं चाक ढिम्म उभं आहे. माणसं मागून ढकलतायत आणि ढकलणाऱ्यांचे कपडे चिखलाने माखतायत.

चारही चाकांना जोर द्यायचा, तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्येही अशी सोय हवी. कारण वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात. जीपमध्ये आणि १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीत यावर साधा उपाय होता. एक वेगळा दांडा. चिखल आला की चालकाने दांडा ओढून पुढची-मागची चाकं एकमेकांना घट्ट जोडायची, कोरडा रस्ता आला की सोडून द्यायची. सोडायला विसरलं तर? वळताना गाडी अडून अडून चालते, टायर घासतात आणि दात्यांवर भलता ताण येतो. म्हणजे डोकं चालवायचं ते माणसाने. दांडा केव्हा ओढायचा, हे त्यालाच कळायला हवं.

आता जपानला जाऊ. तिथे तोहोकु नावाचा ईशान्येकडचा भाग आहे. हिवाळ्यात तिथे धो धो बर्फ पडतो. वादळात डोंगरातल्या गावाची वीज गेली, की वीज कंपनीच्या माणसांना तारा जोडायला त्या बर्फातूनच जावं लागे. त्यांच्याकडे जीपगाड्या होत्या, पण कडाक्याच्या थंडीत त्यांतला प्रवास म्हणजे हाल. बर्फात चालेल, पण माणसाला मोटारीसारखं ऊबदार बसता येईल अशी गाडी त्यांना हवी होती. त्यांच्या मागणीतून सुबारू कंपनीची चारही चाकांना जोर असलेली लिओन ही मोटार आली. १९७२ मध्ये ती बाजारात विकायलाही ठेवली गेली.

युरोपातली गोष्ट याहून मजेदार आहे. १९७६-७७ च्या हिवाळ्यात आउडी कंपनीचे लोक फिनलंडमध्ये बर्फावर गाड्यांची परीक्षा घेत होते. त्यांच्याबरोबर ईल्टिस नावाची लष्करी जीप होती. तिची ताकद अवघी ७५ अश्वशक्ती. पण बर्फात ही काटकुळी जीप त्यांच्या दांडग्या मोटारींना मागे टाकू लागली! योर्ग बेन्सिंगर या इंजिनिअरने हे पाहिलं आणि त्याच्या डोक्यात चक्र फिरलं. त्यातून १९८० साली 'आउडी क्वात्रो' जन्मली. पुढच्याच वर्षी इटलीतल्या सानरेमो शर्यतीत मिशेल मूताँ या फ्रेंच महिलेने ती पळवली आणि पहिला नंबर काढला. जागतिक रॅली स्पर्धेतली एखादी शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री.

पण दोस्तहो, अजून गाडीला स्वतःचं डोकं नव्हतं. ते कसं आलं ते पाहू.

पहिली पायरी होती दाट तेलाची. एका बंद डब्यात पातळ चकत्यांची चळत. एक चकती पुढच्या चाकांशी जोडलेली, पुढची मागच्या चाकांशी, अशा एकाआड एक. मध्ये सिलिकोनचं चिकट तेल. सगळी चाकं जवळपास सारख्या वेगाने फिरतायत तोवर डबा गप्प. पुढची चाकं घसरून भराभर फिरू लागली, की चकत्यांच्या वेगात फरक पडतो. मग ते चिकट तेल एका चकतीबरोबर दुसरीलाही ओढून नेतं आणि जोर मागे पोचतो. युक्ती झकास! पण तिला कळायचं ते चाक घसरल्यावर. म्हणजे पाय घसरून पडल्यावर 'जरा जपून' म्हणण्यासारखं.

मग आला संगणक. १९८६ ची पोर्शं ९५९ आणि १९८९ ची निसान स्कायलाइन जीटी-आर या गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांना किती जोर द्यायचा, हे इलेक्ट्रॉनिक मेंदू ठरवू लागला. पुढे ही सोय घरगुती गाड्यांतही आली. हीच ती 'इंटेलिजंट ऑल व्हील ड्राइव्ह'. आपण तिला शहाणी चाकं म्हणू.

या मेंदूला डोळे-कान कुठले? प्रत्येक चाकापाशी एक संवेदक असतो. चाक किती वेगाने फिरतंय ते तो सांगतो. स्टिअरिंग किती वळलंय, चालकाने ॲक्सिलरेटर किती दाबलाय, गाडी स्वतःभोवती किती गिरकी घेतेय, हे सांगणारे आणखी काही. मेंदू हे सगळं सेकंदाला कितीतरी वेळा तपासतो. चालकाने उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर जोरात दाबला, की मेंदू ओळखतो, 'आता पुढची चाकं घसरणार.' घसरायच्या आधीच तो पुढच्या-मागच्या चाकांमधला चकत्यांचा क्लच दाबतो आणि थोडा जोर मागे पाठवतो. सरळ, कोरडा रस्ता लागला की क्लच ढिला. म्हणजे पेट्रोलचीही बचत. शिवाय एखादं चाक चिखलात गरगरू लागलं, तर कित्येक गाड्या तेवढ्याच चाकाचा ब्रेक हलकेच दाबतात. ते अडलं, की डिफरन्शियलच्या नियमाने समोरच्या चाकालाही भरपूर पीळ मिळतो. खोटीचाच उपयोग करून घेतला की नाही?

आता वळणावरचा फायदा. टायरची पकड म्हणजे आपल्या खिशातले दहा रुपये समजा. काही गाडी पुढे ढकलण्यात खर्च होतात, काही वळवण्यात. पुढच्या चाकांनीच ढकलायचं आणि त्यांनीच वळवायचंही, तर पैसे संपतात आणि गाडी वळणाच्या बाहेर सरकते. मागच्या चाकांवर जास्त जोर पडला, तर गाडीचं ढुंगण बाहेर फेकलं जातं. शहाणी चाकं हा खर्च चौघांत वाटून घेतात. काही गाड्या तर मागच्या दोन चाकांपैकी बाहेरच्याला जास्त जोर देतात. नाव वळवताना नावाडी बाहेरच्या बाजूचं वल्हं जोरात मारतो ना, तसंच! मित्सुबिशीने १९९६ मध्ये आपल्या लान्सर इव्होल्यूशनला अशी युक्ती दिली होती. दोन मोटारी असलेल्या विजेच्या गाड्यांत तर पुढच्या-मागच्या चाकांना जोडणारा लांब दांडाच नसतो. पुढची मोटार पुढे, मागची मागे आणि मेंदूचा हुकूम डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा भाग आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवा.

शहाणी चाकं गाडीला निघायला आणि चढायला मदत करतात. थांबायला नाही! कारण ब्रेक सगळ्याच मोटारींच्या चारही चाकांना असतात. थांबताना साधी गाडी आणि शहाणी गाडी, दोघींची पकड तेवढीच. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या डांबरावर साधारण १२ मीटरमध्ये थांबू शकते. त्याच दाबलेल्या बर्फावर तिला जवळपास ५० मीटर लागतात, मग ती कितीही महाग असो.

खरा धोका इथेच आहे. साधी गाडी चढावर घसरते आणि चालकाला सांगते, 'बाबा रे, रस्ता निसरडा आहे, परत फिर.' शहाणी गाडी ही सूचना गिळून टाकते आणि सुखाने वर जाते. निसरडं किती आहे, हे चालकाला कळतं ते उतारावर, पहिला ब्रेक दाबल्यावर. हिवाळ्यात मनालीला गेलेल्यांनी पाहिलं असेल, बर्फ पडला की तिथले पोलीस बरेचदा फक्त चारही चाकांना जोर असलेल्या गाड्याच पुढे सोडतात. तो परवाना वर जाण्याचा आहे, जोरात उतरण्याचा नाही. पावसाळी घाटालाही हाच नियम. झिजलेले टायर असले, तर चार चाकं म्हणजे चार गुळगुळीत चाकं!

आता तुमचं काम. सहज फिरणाऱ्या चाकांची एक खेळण्यातली मोटार आणि एक लाकडी फळी घ्या. चिकटपट्टीने मोटारीची पुढची दोन चाकं फिरणार नाहीत अशी जखडा. पट्टी फळीला मात्र लागू देऊ नका. मोटार तोंड खाली करून फळीवर ठेवा आणि फळीचं मागचं टोक हळूहळू उचला. मोटार घसरली की त्या टोकाची उंची मोजा. मग चारही चाकं जखडून पुन्हा करा. नंतर फळी ओली करून दोन्ही प्रयोग परत करा. चारही उंची एका तक्त्यात लिहा. बघा, आपल्या १८० आणि ३०० किलोच्या गणिताशी काही नातं लागतं का.

आणि एक प्रश्न डोक्यात घोळवत ठेवा. जखडलेल्या चाकांनी गाडी धरून ठेवली, फिरवलेल्या चाकांनी गाडी चढवली. ही दोन्ही कामं करणारी शक्ती एकच कशी?

पुढच्या आठवड्यात भेटूच!