शाळेच्या छपरासाठी शर्यत

गेल्या बैठकीत काजूच्या भावावर बोलून झाले, वानर-माकडांनी केलेल्या नासाडीवर बोलून झाले, चहा आला आणि माणसे उठायच्या बेतात असताना मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. राजापूर तालुक्याच्या पूर्व भागातल्या, घाटाच्या पायथ्याकडच्या एका वाडीतली. म्हणाली, "आमच्या शाळेत अकरा पोरं. पावसात दोन ठिकाणी गळतं. गुरुजी म्हणतात, मोठ्या योजनेत आपली शाळा बसत नाही आणि बक्षिसाच्या योजनेत आपला नंबर लागत नाही. मग आम्ही जायचं कुठं?"

बैठकीत उत्तर कोणाकडेच नव्हते. आम्हीही गप्प बसलो. पुढे चार जाणत्या शिक्षकांना भेटलो, कागद मिळवून वाचले. जे कळले ते येथे मांडतो आहोत.

पूर्वी शाळेला पैसा मिळे तो पटाच्या हिशेबाने. इतकी मुले, इतके शिक्षक, इतके अनुदान. रक्कम तुटपुंजी असे, वेळेवर येत नसे, पण ती मागायला कोणाशी झगडावे लागत नसे. समग्र शिक्षा अभियानात हा हिशेब अजूनही आहे. २०२१ पासूनच्या दरांप्रमाणे तीस मुलांपर्यंतच्या शाळेला वर्षाला दहा हजार रुपये, शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार. म्हणजे आमच्या त्या बहिणीच्या शाळेला महिन्याला आठशे तेहेतीस रुपये. त्यात विजेचे बिल, खडू, झाडू, फिनेल आणि पावसाळ्याआधी कौले शाकारायची. कौले शाकारणाऱ्या गड्याची आजची मजुरी काय आहे ते वाचकांना आम्ही सांगायला नको.

या पटाच्या हिशेबाच्या शेजारी आता दुसरी पद्धत आली आहे. सरकार मोठी रक्कम बाजूला काढते आणि शाळांना सांगते: अर्ज करा, गुण मिळवा, जो पुढे येईल त्याला देऊ.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर केलेली पीएम श्री योजना ही अशी. देशभरात साडेचौदा हजार शाळा, २०२२-२३ ते २०२६-२७ अशी पाच वर्षे, एकूण खर्च २७,३६० कोटी. महाराष्ट्राने ८४६ शाळा धरल्या. शाळेमागे पाच वर्षांत एक कोटी अठ्ठ्याऐंशी लाख, साठ टक्के केंद्राचे आणि चाळीस टक्के राज्याचे. वर्षाला सरासरी साडेसदतीस लाखांवर जाते. आमच्या वाडीतल्या शाळेला जे मिळते, त्याच्या पावणेचारशे पट. निवडलेल्या शाळांचे आम्हाला वाईट वाटत नाही. सरकारी शाळेत कोट्यवधी रुपये येतात हे चांगलेच आहे. मात्र निवड कशी होते ते पाहावे.

आधी युडायसच्या आकड्यांवरून चाळण लागते. इमारत पक्की हवी, रॅम्प हवा, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे हवीत, पाणी हवे, वीज हवी, वाचनालय हवे. आणि पट हवा, तोही त्या गटातल्या शाळांच्या राज्य सरासरीपेक्षा जास्त. या चाळणीतून जी शाळा खाली उरते तिलाच अर्ज करता येतो. मग मुख्याध्यापकाने संकेतस्थळावर प्रश्नावली भरायची, पुरावे जोडायचे, ग्रामीण शाळेला शेकडा साठ गुण तरी पडले पाहिजेत, शहरीला सत्तर. पुढे जिल्हा, राज्य आणि शेवटी दिल्लीची समिती. इतके करून एका गटात शाळा निवडायच्या जास्तीत जास्त दोन, एक प्राथमिकची आणि एक माध्यमिकची.

ज्याचे छप्पर धड आहे त्याने छपरासाठी अर्ज करावा, असा हा न्याय. योजना तयार करणारे म्हणतील की या आदर्श शाळा आहेत, आजूबाजूच्या शाळांना त्यांनी वाट दाखवायची आहे. ठीक. पण पऱ्ह्याला पूर आला की साकव ओलांडून शाळेत जाता येत नाही, अशा वाडीतल्या पोरांना दहा कोसांवरची आदर्श शाळा वाट कशी दाखवणार?

दुसरी, राज्य सरकारची 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा'. पहिली फेरी २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत झाली. शंभर गुण, दीड महिन्याची मुदत. राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला एक्कावन्न लाख, तालुक्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला तीन लाख. येथे पटाची चाळण नाही, कोणीही उतरावे. आमच्या माहितीतल्या एका दोन शिक्षकी शाळेने उतरून पाहिले. एक गुरुजी पहिली ते चौथी एकत्र घेऊन बसले, दुसरे गुरुजी फोटो काढणे, ते चढवणे आणि रकाने भरणे यात गुंतले. गावात रेंज नसल्यामुळे सड्यावर जाऊन बसायचे. पालकांनी श्रमदानाने भिंती रंगवल्या, परसबाग केली, मुंबईच्या मंडळाने रंगाचे पैसे पाठवले. नंबर आला नाही. रंगवलेल्या भिंती राहिल्या, हेही खरे. पण त्या दीड महिन्यात चौथीच्या मुलांचा भागाकार राहिला तो राहिलाच.

स्पर्धा सरसकट वाईट, असे आम्ही म्हणत नाही. २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले तेव्हा गावेच्या गावे झाडू घेऊन बाहेर पडलेली आपण पाहिली आहेत. बक्षीस न मिळालेले गावही स्वच्छ झाले. तेथे स्पर्धा होती ती गावाच्या अंगच्या कष्टाची. झाडू ज्याच्या त्याच्या घरात होता. येथे स्पर्धा आहे शिक्षकांची संख्या, रेंज, लिहिणारे हात आणि आधीची इमारत यांची. ट्रॅक्टर आणि पॉवर टिलरच्या अनुदानाचे आपण हेच अनुभवले आहे. महाडीबीटीवर अर्ज, मग सोडत. २०२५ मध्ये सोडत जाऊन 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' आले, म्हणजे ज्याच्या घरी रेंज त्याचा नंबर.

ही गाठ आपल्यालाच पडली आहे असे नाही. अमेरिकेत शाळा चालवण्याचे काम स्थानिक शाळा-जिल्हे करतात. त्यांचे निवडून दिलेले मंडळ असते आणि घर-जमिनीच्या करातला वाटा त्यांना मिळतो. वरच्या सरकारकडून मिळणारा काही पैसा हिशेबाने येतो, काही अर्जाने. २०१२ साली तेथे शाळा-जिल्ह्यांसाठी सुमारे चाळीस कोटी डॉलरची स्पर्धा झाली. अर्ज आले ३७२, पैसे मिळाले सोळा अर्जांना. उरलेल्या ३५६ अर्जांवर किती माणसांच्या किती रात्री गेल्या त्याची नोंद कोण ठेवतो? मोठ्या जिल्ह्यांकडे अर्ज लिहिण्यासाठीच पगारी माणसे असतात. डोंगरातल्या छोट्या जिल्ह्याचा अधीक्षकच कधी मुख्याध्यापक असतो.

पण त्याच देशाच्या २००१ च्या शिक्षण कायद्यात लहान ग्रामीण जिल्ह्यांसाठी एक वेगळे प्रकरण आहे, आणि त्याच्या उद्देशातच कबुली दिली आहे की स्पर्धेच्या अनुदानासाठी झगडायला या जिल्ह्यांकडे माणसे नाहीत आणि साधने नाहीत, शिवाय पटाच्या हिशेबाने येणारी रक्कम इतकी थोडी असते की तिच्यातून काही धड होत नाही. म्हणून त्यांना नियमाने वेगळी रक्कम द्यायची. सहाशेपेक्षा कमी मुलांचे ग्रामीण जिल्हे त्यात येतात. शिवाय २०१२ च्या त्या स्पर्धेत लहान जिल्ह्यांना एकत्र येऊन एकच अर्ज करण्याची मुभा होती. एवढा श्रीमंत देश जे कायद्यात लिहून कबूल करतो, ते आपल्या खात्याला कबूल करायला काय हरकत आहे?

आपले खाते काय करते? २०२३ साली त्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मोजल्या. १४,७८३ भरल्या, मुले एक लाख पंच्याऐंशी हजार. आणि उपाय सुचवला तो समूह शाळेचा: लहान शाळा एकत्र करा, मुलांना गाडीने आणा. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळ दाखवले. राजापूरच्या वाड्यांमध्ये जुलै महिन्यात कोणती गाडी कुठपर्यंत जाते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने आमच्याबरोबर यावे. त्याच वर्षी आंतरजिल्हा बदल्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातून शेकडो शिक्षक एकदम गेले. शिक्षक नाहीत म्हणून पट घटला, पट घटला म्हणून अर्ज बसत नाही, अर्ज बसत नाही म्हणून शाळा पडकी, आणि पडक्या शाळेत कोण मूल घालतो?

आता मुद्द्याचे. शाळेचा पैसा ही सरकारची मेहेरबानी नाही. १८६० नंतर मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला, १८६९ च्या कायद्याने तो पक्का झाला, आणि त्यातला एक तृतीयांश गावच्या शाळांसाठी होता. आपल्या पणजोबांनी तो शेतसाऱ्याबरोबर भरला. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुल्यांनी हेच मांडले, की तिजोरी भरते कुणब्याच्या घामाने आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. आजही जमीन महसुलावर जिल्हा परिषदेचा उपकर आहे, तो भरताना आपल्याला कोणी गुण देत नाही.

कायदाही आपल्या बाजूचा आहे, आणि तो फारसा कोणी वाचलेला नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती, तिच्यात पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बायका. कलम २२ प्रमाणे या समितीने शाळा विकास आराखडा करायचा, आणि त्याच कलमात पुढे म्हटले आहे की सरकारने द्यायच्या अनुदानाचा आधार हा आराखडाच राहील. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हे सारे त्या कायद्याच्या परिशिष्टात आहे. इमारत-पाण्याच्या सोयी पुऱ्या करायची मुदत २०१३ च्या मार्चअखेर संपली. जे प्रत्येक शाळेला द्यायचे असे कायद्याने ठरले, ते बक्षीस म्हणून मांडता येत नाही. त्या बहिणीच्या शाळेचे गळके छप्पर हा स्पर्धेचा विषयच नाही, ते सरकारकडचे थकलेले देणे आहे.

आमचा एक दोष येथेच कबूल करावा. आम्ही ज्या सात-आठ समित्यांकडे चौकशी केली, त्यांतल्या बहुतेकांनी आपला आराखडा पाहिलेलाच नव्हता. गुरुजींनी लिहिला, अध्यक्षांनी सही केली, कागद फायलीत. एका ठिकाणी तर मागच्या वर्षीचाच आराखडा तारीख बदलून पाठवला होता. देणे मागायचे तर आपली वही लिहिलेली पाहिजे, हे उधारीवर दुकान चालवणाऱ्यालाही कळते.

स्पर्धेवर बहिष्कार घालावा असे काही तरुण कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. पीएम श्रीच्या करारावर सही केली नाही म्हणून तमिळनाडूचा समग्र शिक्षेचा पैसा २०२४-२५ मध्ये अडला आणि त्या सरकारला २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. राज्य सरकारची ही गत, तर वाडीच्या शाळेने बहिष्कार घातल्याचे कोणाला कळणारही नाही. अर्ज भरायचे. पण एकेका शाळेने नव्हे, केंद्रातल्या आठ-दहा शाळांनी मिळून, आणि लिहिण्याचे काम गुरुजींच्या वर्गाच्या वेळात नको. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या आपल्या मुलांमध्ये कचेऱ्यांत कामे करणारी पुष्कळ आहेत. आरत्या झाल्यावर एक संध्याकाळ त्यांनी शाळेला द्यावी.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही ठराव ठेवणार आहोत. तीसपर्यंत पटाच्या शाळेचे अनुदान डोक्यामागे न मोजता शाळेमागे आणि अंतरामागे मोजावे. इमारत, पाणी, स्वच्छतागृह आणि शिक्षक या चार गोष्टी कोणत्याही स्पर्धेतून बाहेर काढाव्यात. केंद्रातल्या शाळांचा एकत्र अर्ज ग्राह्य धरावा, आणि अर्ज भरायला पंचायत समितीत एक माणूस द्यावा. शब्दांत फेरफार सुचवायचे असतील तर बैठकीत जरूर सुचवावेत.

येताना प्रत्येक गावाने तीन कागद आणावेत: शाळेच्या युडायस माहितीची प्रत, चालू वर्षाचा विकास आराखडा आणि समितीच्या बँक पासबुकाची झेरॉक्स. आराखडा मिळत नसेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी मागावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. त्या वाडीतल्या बहिणीने आपला आराखडा मिळवला आहे. त्यात छपराचा उल्लेख नाही. समितीची सभा बोलावून तो घालून घ्यायचा, आणि सभेला आमच्यापैकी दोघे जाणार आहेत.