स्वस्तातली मोटारबोट

जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवायला बोटी धावल्या. तेव्हापासून आमच्या पालेगावच्या घरात चिरंजीवांचा एकच धोशा : "आपलीही बोट हवी!"

यंदा अलिबागेस एक जुनी मोटारबोट स्वस्तात मिळते असे कळले. सहकुटुंब पाहायला गेलो. रंग तर झकास! पण ओळखीच्या वृद्ध कोळीदादांनी बुडावर टकटक करीत फेरी मारली. एके ठिकाणी आवाज बद्द आला.

"फायबरमध्ये पाणी मुरलंय, मास्तर."

मग इंजिन. थंडाव्यासाठी ते खारे पाणीच ओढते. वापरानंतर गोड्या पाण्याने धुतले नाही, तर आतून गंजते. सुरू केले, पण पाण्याची धार बाहेर पडेना.

"आणि तरंगती जाकिटं?" हिने विचारले.

"ती नाहीत, म्हणून तर एवढी स्वस्त!" मालक उत्तरले.

"अहो, चला," ही म्हणाली. "काटकसर रंगात करावी, जिवात नव्हे."

परतताना बाजारातून चार जाकिटे तेवढी घेतली. चिरंजीव अजून विचारतात, "बोट कधी?"

मी म्हणतो, "अर्धी आली आहे. आधी पोहायला शीक!"