न्यायासन आणि साक्षीदाराची बोली

म्हसावदच्या एखाद्या मुलास अथवा मुलीस न्यायाधीश व्हावेसे वाटले, तर वाट लांब खरी. पण बंद नाही. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या भरतीसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक ठरविली, हे आम्हांस योग्यच वाटते. ज्याने पक्षकाराचे गाऱ्हाणे कधी ऐकले नाही, त्याने निवाडा कोणत्या अनुभवावर करावा? पुढे जिल्हा न्यायाधीशपदासाठी वकिलास सात वर्षे, उच्च न्यायालयासाठी दहा. आणि सर्वोच्च न्यायालयासाठी उच्च न्यायालयातील दहा वर्षांची वकिली किंवा पाच वर्षांचे न्यायाधीशपद. न्यायमूर्ती रानडे 1879 साली आपल्या खानदेशात, धुळ्यास, दुय्यम न्यायाधीश होते. मुंबईच्या उच्च न्यायालयात ते 1893 साली बसले.

परंतु केवळ वर्षे मोजून भागत नाही. मराठी लिहिता-बोलता येणे ही महाराष्ट्रातील दिवाणी न्यायाधीशास अट आहे. पावरी किंवा भिल्ली येण्याची नाही. सातपुड्यातील साक्षीदार आपल्या बोलीत सांगतो, ते मराठीत उतरते, आणि अपील उच्च न्यायालयात गेले की इंग्रजीत वाचले जाते. दोनदा वेष पालटलेल्या शब्दात मूळचे किती उरत असेल? जमिनीच्या वादात एका शब्दाने बांध सरकतो.

धडगावकडून आलेली आमची काही मुले वर्गात आपली बोली बोलावयास लाजतात. शहाद्याच्या न्यायालयात दुभाष्यावाचून साक्ष समजून घेणारा न्यायाधीश त्यांच्यांतूनच निघावयाचा आहे.