होडी की जीप?

आमच्या मराठी विभागाची अभ्याससहल यंदा जानेवारीत उजनीच्या फुगवट्यावर न्यायचे ठरले. करमाळा तालुक्याच्या काठाला मच्छीमारांची पाले पडलेली असतात. तिथे एक मुक्काम करून जाळी, मासे, वारा आणि पाणी यांच्यासाठी ती माणसे कोणते शब्द वापरतात ते टिपून आणायचे, असा बेत. बेत सर्वांनाच पसंत पडला. पण जायचे कसे, या प्रश्नावर वर्गात दोन तट पडले. एक होडीचा, दुसरा जीपचा. होडीवाले बहुमतात होते हे सांगायला नकोच. विशीतला माणूस जीपला मत देऊ लागला की त्याला लोक अकाली म्हातारा समजतात. मी त्या म्हाताऱ्यांपैकी एक, आणि माझी बाजू वर्गात कोणी ऐकून घेतली नाही म्हणून इथे मांडतो आहे.

होडीवाल्यांचे म्हणणे अगदीच पोरकट नव्हते. कळाशीच्या काठावर उभे राहिले की समोर कुगाव दिसते. मध्ये फक्त पाणी. रस्त्याने जायचे तर भिगवणहून डिकसळच्या पुलाकडे वळा, नाहीतर इंदापूर, टेंभुर्णी असा लांबचा फेरा घाला. निम्मा दिवस जीपच्या धक्क्यांत जाणार आणि हाडे खिळखिळी होणार ती वेगळीच. "शिवाय गाववाले रोज होडीने जातात, मोटारसायकली चढवून जातात, आपल्यालाच काय झाले?" हा त्यांचा हुकमी एक्का.

मला याच एक्क्यावर बोलायचे आहे. गाववाले रोज जातात हे खरे. पण ते हौसेने जात नाहीत. उजनी धरण 1980 साली पुरे झाले आणि भीमेच्या दोन काठांवरच्या गावांमध्ये हे पाणी येऊन बसले. नदी असताना उन्हाळ्यात जिथून पायी उतरून जाता येई, तिथे आता होडीवाचून गती नाही. दवाखाना, बाजार, लेकीचे सासर, सगळे पलीकडे. त्यांना होडी हा मार्ग आहे, आपल्याला ती गंमत. ज्याला दुसरा मार्ग नाही त्याच्या धाडसाचा दाखला ज्याला मार्ग आहे त्याने द्यावा, हे मला पटत नाही.

21 मे 2024 ची संध्याकाळ आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. कुगावहून कळाशीकडे येणारी होडी सुटली, वाटेत वादळी वारा उठला, लाटांचे पाणी आत आले आणि होडी बुडाली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले. त्यांत दोन तर कडेवरची लेकरे. गावचे लोक आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान पाण्यात शोध घेत राहिले, तरी सगळे मृतदेह हाती लागायला तिसरा दिवस उजाडला. त्याआधी 30 एप्रिल 2017 ला अजोतीजवळ सहलीला आलेल्या दहा डॉक्टरांची होडी उलटली होती आणि चौघे बुडाले होते. ती माणसे आपल्यासारखीच पाहुणी होती, हे मुद्दाम लक्षात आणून देतो.

आपण पडलो कालव्याकाठची माणसे. भवानीनगरात पाणी म्हटले की डोळ्यांपुढे निरेचा डावा कालवा येतो. दोन्ही काठ एका नजरेत, वाहण्याची दिशा ठरलेली, पाळी कधी सुटणार तेही ठाऊक. उजनीचे पाणी या जातीचे नव्हे. धरणात एकूण सुमारे 117 टीएमसी पाणी मावते आणि फुगवटा भीमेच्या पात्रातून मैलोगणती मागे पसरतो. मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला जितकी लांब धाव मिळते तितकी लाट वाढते. माणसे आणि मोटारसायकली भरलेल्या होडीची कड पाण्यापासून जेमतेम वीतभर वर उरते. पहिल्या लाटेने पाणी आत आले की होडी आणखी खाली बसते, मग दुसरीला फारसे काम उरत नाही. त्यातून होडी वाऱ्याला आडवी झाली, तर तांडेलाच्या हाती काही राहत नाही.

पाणी ओसरले की धोका कमी होतो, अशीही एक समजूत आहे. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे 60 टक्क्यांच्या जवळ गेली होती. उणे म्हणजे धरण कोरडे नव्हे. एकूण साठ्यातला निम्म्याहून अधिक भाग हा मृतसाठाच आहे. जुन्या भीमेच्या पात्रावर तेव्हाही माणूस बुडून वर पुरुषभर पाणी राहील अशी खोली असते. पळसदेवचे देऊळ उघडे पडले की आपण ते बघायला धावतो, पण देवळाप्रमाणेच जुनी घरे, विहिरी, बाभळीचे बुंधेही पाण्याखाली आहेत, आणि ते अर्धवट बुडालेले असतात तेव्हाच होडीच्या बुडाला लागतात.

यावर होडीपक्षाच्या पुढाऱ्याने मला हसून सांगितले, "अरे, वळीव उन्हाळ्यात. आपण जानेवारीत जाणार. तेव्हा पाणी कसे आरशासारखे असते!" बरोबर आहे, असते. पण वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली आणि 12 विद्यार्थी व 2 शिक्षिका गेल्या, तो दिवस 18 जानेवारी 2024 होता. तिथे वळीव नव्हता. होडीत माणसे जास्त होती. 2009 मध्ये केरळात थेक्कडीला 45 पर्यटक बुडाले, तेव्हा जनावरे बघायला लोक एका बाजूला सरकले आणि होडी कलली, असे सांगितले गेले. आता आपल्या वर्गाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. थंडीत उजनीवर रोहित पक्षी उतरलेले. डाव्या अंगाला गुलाबी थवा उठला, कोणीतरी "ते बघा!" म्हणून ओरडले. तीस जणांपैकी किती जण जागेवर बसून राहतील? मी स्वतःची खात्री देत नाही.

जीपची बाजू घेतो म्हणून रस्ता निर्धोक आहे असे मी म्हणणार नाही. जानेवारी म्हणजे गळिताचा ऐन हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर मावेल त्याहून जास्त ऊस, मागे ना दिवा ना तांबडी पट्टी, आणि पुढे इतक्या मोठ्याने गाणी की आपला भोंगा चालकाच्या कानापर्यंत पोचू नये. रात्री असल्या ट्रॉलीवर आदळून गेलेली माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत. डिकसळचा जुना पूल मुळात रेल्वेसाठी बांधलेला, पुण्याहून डिकसळपर्यंत गाडी 1858 सालीच आली. त्या पुलावरून किती वजन न्यावे याचाही विचार हवा. पण जीप थांबवता येते. धुके पडले तर कडेला घेता येते, चालक डुलक्या देऊ लागला तर टपरीवर चहा पाजता येतो. भर पाण्यात वारा सुटल्यावर "जरा थांबा हो" असे कोणाला सांगणार?

काही जण याच्या उलट टोकाला जातात आणि होड्यांवर सरसकट बंदी घाला म्हणतात. त्यांच्याशीही माझे जमत नाही. शिरसोडी-कुगाव पुलाची मागणी जुनी. त्याला मंजुरी मिळाली हे चांगलेच झाले. पण पुलावरून पहिली एस.टी. जाईपर्यंत पलीकडच्या माणसाने काय करायचे? बंदी आली की तो लपूनछपून, अंधारात जाणार. त्यापेक्षा होडीत किती माणसे ते काठावर फळीवर लिहावे, प्रत्येकाच्या अंगात तरंगजाकीट असावे, मोटारसायकली वेगळ्या खेपेने न्याव्यात आणि उन्हाळ्यात दुपारनंतर ढग भरून आले की होडी सोडू नये. कायदा नाही असेही नाही. देशांतर्गत जलवाहतुकीचा 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा नवा आला. तो कळाशीच्या धक्क्यावर पोचला पाहिजे. मुळात तिथे धड धक्का तरी पाहिजे.

पालावरच्या एका मामांना मी आधी जाऊन भेटून आलो. जन्म पाण्यावर गेलेला माणूस. चिलापीचे जाळे सोडवता सोडवता ते म्हणाले, "पोरांना गाडीनंच आणा. हितं आल्यावर काठाकाठानं फिरवतो की मी, चौघं-चौघं. तीस जणांची होडी माझ्यानं व्हायची नाही." होडीपक्षाला मी हे सांगितले, तेव्हा ते घटकाभर गप्प बसले आणि मग मामा भित्रे असल्याचे त्यांनी जाहीर केले.

सरांनी निकाल जीपच्या बाजूने दिला आहे. जाकिटांची चौकशी करायचे काम माझ्याकडे आले. आता तीन जीपांचे भाडे होडीच्या कितीतरी पट होते, आणि ज्यांनी होडीला मत दिले त्यांनी जादा वर्गणी का भरावी, असा नवा वाद सोमवारच्या तासाला निघणार आहे.