किनारा सोडण्यापूर्वी

शिडाची लहान होडी उलटण्यास किती वेळ लागतो, याची कल्पना ज्याने ती उलटताना पाहिली नाही त्याला सहसा येत नाही. वाऱ्याने शीड तट्ट फुगलेले असते, होडी एका कुशीवर कललेली असते आणि तो कल सावरण्यासाठी तीत बसलेली माणसे विरुद्ध बाजूच्या काठावर आपला भार टाकून मागे रेललेली असतात; वाऱ्याचा जोर एका अंगाला आणि माणसांचे वजन दुसऱ्या अंगाला, या समतोलावरच तिचे सारे चालणे अवलंबून असते. अशा वेळी डोंगराच्या खिंडीतून एखादा झोत अकस्मात सुटला, शिडाची दोरी सैल सोडण्यास क्षणाचा विलंब झाला, अथवा वारा पाठीमागून असताना होडीचे तोंड किंचित चुकून शिडाच्या बुडाची आडवी काठी एकदम दुसऱ्या अंगाकडे फिरली, की तो समतोल मोडतो आणि पुढचे सारे श्वास घ्यावा इतक्या अवधीत उरकते. शीड पाण्यावर आडवे पडते, भिजून जड होते, दोऱ्या पायांभोवती गुंततात. आणि ज्याच्या कपाळावर ती फिरती काठी बसली असेल त्याला पोहता येते की नाही, या प्रश्नाला त्या घटकेस काही अर्थ उरत नाही.

जीवरक्षक जाकीट होडीत आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्या माणसाचा हिशेब चुकतो तो याच ठिकाणी. ‘वेळ आली तर घालू’ असे तो म्हणतो, परंतु ती वेळ सांगून येत नाही आणि आल्यावर थांबत नाही. उसळत्या पाण्यात, नाकातोंडात पाणी जात असताना, एक हात होडीच्या काठाला आणि दुसरा हात बुडणाऱ्या सोबत्याला धरून ठेवायचा असताना जाकिटाच्या बाह्यांत हात घालणे आणि त्याचा कंबरपट्टा आवळून खटका लावणे, हे कसलेल्या खलाशालाही साधणे कठीण. विहिरीत उतरणारा माणूस कमरेला दोर काठावरच बांधून घेतो. पाय घसरल्यावर बांधू म्हणत नाही.

या संदर्भात इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यावरील व्हिटबी या गावी ९ फेब्रुवारी १८६१ रोजी जे घडले ते आपल्याकडील प्रत्येक बंदरावर माहीत असावयास हवे. त्या दिवशी तुफानाने एकामागून एक जहाजे किनाऱ्यावर येऊन आदळत होती आणि गावचे कोळी आपली जीवरक्षक नौका वल्हवीत वारंवार त्या लाटांत शिरून त्या जहाजांवरील माणसे सोडवून आणीत होते. पाच जहाजांची माणसे त्यांनी सुखरूप उतरवली. सहाव्या खेपेस, दमलेल्या हातांनी ते पुन्हा निघाले असता दोन लाटांच्या कचाट्यात सापडून नौका उलटली, आणि बंदराच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या त्यांच्या आप्तेष्टांच्या डोळ्यांदेखत तेरांपैकी बारा जण बुडाले. हेन्री फ्रीमन नावाचा जो एकटा वाचला, तो त्या नौकेत त्याच दिवशी प्रथम चढला होता. त्याचे बारा सोबती मुरलेले दर्यावर्दी होते; पाणी सर्वांना एकच, लाटही एकच. फरक इतकाच की, कॅप्टन वॉर्ड या अधिकाऱ्याने १८५४ मध्ये सिद्ध केलेले, कॅनव्हासच्या बंडीवर बुचाच्या पट्ट्या शिवलेले नवे जाकीट त्याच्या एकट्याच्याच अंगावर होते. पुढे हाच फ्रीमन वीस वर्षांहून अधिक काळ त्या गावच्या जीवरक्षक नौकेचा तांडेल राहिला आणि त्याच्या कारकिर्दीत शेकडो माणसांचे प्राण वाचले. एका जाकिटाने वाचवलेला एक माणूस पुढे किती जणांना उपयोगी पडला, याचा हिशेब मनात मांडून पाहण्यासारखा आहे.

वॉर्ड यांच्या त्या जाकिटाचा एक गुण येथे मुद्दाम नमूद करतो. वल्हवणाऱ्याचे खांदे आणि हात मोकळे राहतील अशा बेताने बुचाच्या पट्ट्या निरनिराळ्या ठेवून ते शिवलेले होते; कारण जे वस्त्र कामाच्या आड येते ते कामकरी माणूस अंगावर ठेवत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या कोळी बांधवांना जाकीट न वापरल्याबद्दल दोष देणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी. जाळे ओढताना ज्याच्या बोजड फुगवट्यात दोर अडकतो असे जाकीट त्यांच्या हाती देऊन वर ताकीद देण्यात काय हशील? बेताच्या जाडीची, अंगाबरोबर बसणारी जाकिटे आता मिळतात. ती त्यांना परवडतील अशा दराने पुरवण्याची तजवीज सरकारने आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी केली पाहिजे.

जाकीट म्हणजे पाण्यावर तरंगणारी कोणतीही वस्तू नव्हे, हे शास्त्रशुद्ध रीतीने सिद्ध करण्याचे श्रेय ज्या माणसास जाते त्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी ऐकलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात विमान कोसळून समुद्रात पडलेले ब्रिटिश वैमानिक जाकीट अंगात असूनही मृत का सापडतात, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा एडगर पास्क या भूलतज्ज्ञ डॉक्टराने स्वतःचा देह प्रयोगासाठी पुढे केला. ईथर देऊन त्यांना पूर्ण बेशुद्ध करीत, श्वासासाठी घशात नळी बसवीत आणि निरनिराळी जाकिटे घालून तलावात सोडीत. मग हातपाय न हलवणाऱ्या त्या देहाचे तोंड पाण्यावर राहते की पाण्याखाली जाते, हे काठावरचे सहकारी नोंदवून घेत. तत्कालीन कित्येक जाकिटे बेशुद्ध माणसाचा चेहरा पाण्याबाहेर ठेवीतच नाहीत, असे त्यातून निष्पन्न झाले. जाकिटाचा फुगवटा छातीवर आणि मानेमागे का असतो, त्याला गळपट्टी का लागते, याचे उत्तर अशा प्रयोगांत आहे. मनुष्यदेह मुळात पाण्यापेक्षा फारसा जड नाही. डोके वर ठेवण्यास त्याला काही किलोंचाच आधार पुरतो. म्हणूनच पोहता येणाऱ्या आणि किनाऱ्याजवळ शिडाची होडी हाकणाऱ्या माणसासाठी सुमारे पाच किलो भार तोलणारे, म्हणजे पन्नास न्यूटनचे जाकीट चालते. भर समुद्रात, जेथे बेशुद्ध माणसास उताणे करण्याचे काम जाकिटालाच करावयाचे असते तेथे दीडशे न्यूटनचे लागते. खरेदी करणाऱ्याने रंग पाहण्याऐवजी आतल्या बाजूस शिवलेल्या चिठ्ठीवरचा हा आकडा आणि वजनाची मर्यादा वाचावी.

परंतु सर्वांत अवघड विरोध येतो तो जाणत्यांकडून. एरिक ताबार्ली हा फ्रान्सचा विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ शिडनाविक. अटलांटिक महासागर एकट्याने पार करण्याची शर्यत त्याने दोनदा जिंकली होती. जून १९९८ मध्ये, वयाच्या ६६ व्या वर्षी, आपल्या ‘पेन द्युइक’ या शंभर वर्षांच्या जुन्या नौकेतून आयरिश समुद्रातून जाताना, रात्री शीड बदलण्याच्या खटपटीत असता एका काठीचा तडाखा बसून तो पाण्यात पडला. अंगावर जाकीट नव्हते आणि नौकेशी बांधून ठेवणारा दोरही नव्हता. सोबत्यांनी रात्रभर शोध घेतला. त्याचा देह काही आठवड्यांनी एका मच्छीमार नौकेच्या जाळ्यात आला. त्याच्या कौशल्यात तिळमात्र उणीव नव्हती. कवी शेली १८२२ च्या जुलैमध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडून आपल्या लहान शिडाच्या नौकेसह बुडाला तेव्हा त्याला पोहता येत नव्हते, हे आपण सहज सांगतो आणि त्यात त्याच्या मृत्यूचे कारण सापडल्याचे समाधान मानतो. ताबार्लीच्या बाबतीत ते समाधान आपल्याला मिळत नाही. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तसल्या प्रवासात स्वतःला नौकेशी दोराने जखडून घेणे हा भित्रेपणा मानला जात नाही, नाविकाचा शिरस्ता मानला जातो.

शिडाची होडी हाकण्यास शिकणाऱ्या मुलांकडे पाहिले म्हणजे हा शिरस्ता कसा अंगवळणी पडतो ते समजते. ‘ऑप्टिमिस्ट’ नावाची जेमतेम पावणेआठ फुटांची, चौकोनी नाकाची होडी जगभर सोळा वर्षांखालील मुलांसाठी वापरतात. त्या होडीच्या नियमांतच जाकिटाची सक्ती आहे, आणि आरंभीच्या धड्यांतला एक धडा म्हणजे होडी मुद्दाम उलटवून पुन्हा सरळ करणे. मूल पाण्यात पडते, वर येते, होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीचे टोक धरून तिच्यावर पाय रोवते, सगळा भार मागे टाकते. शीड पाणी निथळीत हळूहळू उठते आणि मूल काठावरून आत घसरते. जाकीट घातल्यास उलटलेल्या होडीखाली माणूस अडकतो, ही शंका वाजवी आहे. परंतु उलट्या होडीखाली बहुधा हवा कोंडलेली राहते, शीड डोक्यावर असेल तर हाताने वर उचलताच श्वासापुरती पोकळी होते, आणि ज्या मुलाने हे तलावात करून पाहिलेले आहे ते खाडीत घाबरत नाही. पाणी लागताच आपोआप फुगणारी जाकिटे मात्र अशा लहान होडीत वापरू नयेत, कारण होडीखाली असतानाच ती फुगली तर बाहेर निघणे खरोखरच अवघड होते.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न क्रीडेपुरता नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटून सहाशेंहून अधिक माणसे गेली, त्या दुःखाची आठवण रायगडच्या घराघरांत आजही सांगितली जाते. ती मोठी बोट होती. लहान होड्यांचे अपघात त्या मानाने दोन दिवसांत वृत्तपत्रांतून नाहीसे होतात. डहाणूच्या समुद्रात १३ जानेवारी २०१८ रोजी सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांची होडी उलटून तीन मुली बुडाल्या. २१ मे २०२४ च्या सायंकाळी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्याने उलटली. एक जण पोहून काठाला लागला, सहा गेले. त्या होडीला शीड नव्हते. परंतु मे महिन्यात वळवाचा वारा सुटला म्हणजे धरणाच्या उघड्या पाण्यावर बिनशिडाची होडीही तितकीच असहाय होते. आणि त्याच वर्षी १८ डिसेंबरला घारापुरीच्या वाटेवर ‘नीलकमल’ या उतारू बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळून पंधरा जणांचे प्राण गेले, तेव्हा कोठे गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींत जाकीट घालण्याची सक्ती झाली.

ती सक्ती टिकावी, असे ज्यांना मनापासून वाटते त्यांनी एखाद्या धरणावरच्या होडीतील जाकिटे एकदा हातात घेऊन पाहावीत. फळीखाली एकात एक कोंबलेली, उन्हाने नारिंगी रंग उडून पिवळट पडलेली, डिझेलचा वास मुरलेली. एकाचा पट्टा आहे तर खटका नाही, दुसऱ्याचा खटका आहे पण दुसरे अंग तुटलेले, तिसऱ्याच्या आतला फोम दबून पापडासारखा झालेला. लहान मुलाच्या मापाचे जाकीट बहुधा नसतेच. मोठ्या माणसाचे त्याच्या गळ्यात अडकवतात आणि पाण्यात पडताच ते डोक्यावरून निसटून वर तरंगते, मूल खाली जाते. असे जाकीट दिल्याने कायद्याची पूर्तता होईल, मुलाचे रक्षण होणार नाही. उकाडा होतो, कपडे मळतात, फोटो चांगले येत नाहीत, ही उतारूंची कुरकुर खरी आहे आणि तिला उत्तर देण्याचे ओझे एकट्या तांडेलावर टाकणे अन्यायाचे आहे. त्याला दिवसाच्या चार फेऱ्यांत कुटुंबाचे पोट भरावयाचे असते.

महाराष्ट्र सागरी मंडळाने आणि धरणांवरील होड्यांना परवाने देणाऱ्या कचेऱ्यांनी तपासणीच्या वेळी जाकिटांची केवळ मोजदाद करून थांबू नये. त्यांतील दोन-चार जाकिटे हाताला लागतील तशी उचलून, भार बांधून पाण्यात टाकून पाहावीत, आणि जी बुडतील ती तेथल्या तेथे फाडून टाकावीत. मुलांच्या मापाची जाकिटे ही परवान्याची अट असावी. बामणोलीहून वासोट्याकडे जाणारी होडी असो, मांडव्याची बोट असो की तारकर्लीला पर्यटकांना फिरवणारा मचवा असो, सर्वांआधी जाकीट चढवावे ते तांडेलाने, कारण त्याच्या उघड्या छातीकडे पाहूनच उतारू आपले जाकीट सोडतात. आणि जो उतारू पट्टा बांधण्यास नकार देईल त्याचे भाडे परत करून त्याला धक्क्यावरच उतरवण्याचा हक्क तांडेलाच्या परवान्यात लेखी नमूद असावा, म्हणजे चिडलेल्या दहा माणसांसमोर त्याला बोट ठेवून दाखवण्यास एक ओळ तरी हाताशी राहील.