भिंत कुणाच्या बापाची?

मार्च २०१६ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात ब्लू नावाचा चित्रकार करड्या रंगाचे डबे आणि रोलर घेऊन निघाला आणि वीस वर्षांत स्वतः रंगवलेल्या भिंती त्याने एकेक करून पुसून टाकल्या. हात लावायला वस्त्यांमधली, चळवळीतली माणसं होती. ‘एक्सएम २४’ या लोकांनी चालवलेल्या केंद्राच्या भिंतीवर त्याने २०१३ मध्ये एक अख्खी लढाई चितारली होती, शहरावर राज्य करणारे विरुद्ध शहरात राहणारे. तीही गेली. मग हळहळ सुरू झाली. हा आततायीपणा आहे, चित्र एकदा भिंतीवर आलं की ते सगळ्यांचं होतं, चित्रकाराला ते पुसायचा काय अधिकार, वगैरे.

माझं मत स्पष्ट आहे. ब्लूने केलं ते बरोबर केलं, आणि त्याच्यावर ती वेळ आणणाऱ्यांना लाज वाटायला हवी होती.

त्याच महिन्यात बोलोन्याच्या पॅलाझ्झो पेपोली या संग्रहालयात रस्त्यावरच्या चित्रकलेचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. नावात बँक्सी हा रस्त्यावर चित्रं काढणारा प्रसिद्ध ब्रिटिश चित्रकार होता, दाराशी तिकीट होतं आणि मागे बँकेच्या पैशातून उभं राहिलेलं प्रतिष्ठान होतं. त्यासाठी ओसाड कारखान्यांच्या भिंतींवरची चित्रं उतरवून आणली होती, त्यात ब्लूचीही होती. त्याला विचारलं नव्हतं. आयोजकांचं समर्थन असं, की इमारती पाडल्या जाणार, म्हणून आम्ही ही कला वाचवतोय. कुणासाठी वाचवताय? ज्या वस्तीने ती चित्रं रोज कामावर जाता-येता फुकट पाहिली, तिच्यासाठी नक्कीच नाही. एकीकडे भिंती रंगवणाऱ्या पोरांवर खटले भरायचे आणि दुसरीकडे त्यांच्यातलं गाजलेलं नाव उचलून काचेमागे मांडायचं. जो अधिकार तुम्ही चित्रकाराला नाकारता, तोच स्वतःकडे घेता, हे चोराने दानशूर म्हणून मिरवण्यासारखं आहे.

रस्त्यावरच्या राजकीय चित्राचा निम्मा अर्थ ते कुठे आहे यात असतो. मे २०१२ मध्ये, राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवाआधी, उत्तर लंडनच्या वुड ग्रीन भागात बँक्सीचं एक चित्र उमटलं. गुडघ्यावर बसलेला एक मुलगा शिलाई मशीनवर ब्रिटिश झेंड्यांच्या पताका शिवतोय. भिंत होती पाउंडलँड या स्वस्त मालाच्या दुकानाची. याच दुकानांच्या साखळीला माल पुरवणाऱ्या भारतातल्या एका ठिकाणी सात वर्षांचा मुलगा राबत असल्याचं २०१० मध्ये उघड झालं होतं आणि साखळीला त्या पुरवठादाराशी संबंध तोडावे लागले होते. म्हणजे ते चित्र नेमक्या भिंतीवर होतं, नेमक्या सणाच्या तोंडावर होतं, आणि तो मुलगा आपल्याकडचा होता.

फेब्रुवारी २०१३ मध्ये भिंतीचा तेवढा तुकडा कापून नेला गेला. तो उगवला थेट अमेरिकेत, मायामीच्या लिलावात, पाच ते सात लाख डॉलरच्या अंदाजासह. वुड ग्रीनच्या लोकांनी आणि तिथल्या नगर परिषदेने आरडाओरडा केला, तेव्हा तो लिलावातून मागे घेतला. पण जूनमध्ये लंडनमध्येच एका खासगी कार्यक्रमात तो विकला गेला, साडेसात लाख पौंडांच्या वर, असं तेव्हा छापून आलं. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसला तो पुन्हा लिलावात निघाला आणि ७ लाख ३० हजार डॉलरला गेला. कायद्याच्या दृष्टीने सगळं चोख असेल, कारण भिंतीचा मालक भिंत विकू शकतो. पण बालमजुरीवरचं चित्र तीनदा बाजारात फिरलं, लाखांत खेळलं, आणि ज्या मुलाबद्दल ते होतं त्याला त्या व्यवहारात काडीचं स्थान नव्हतं. दुकानाच्या भिंतीवर ते आरोप होतं, विकत घेणाऱ्याच्या दालनात ते ऐपतीचा पुरावा झालं.

न्यू यॉर्कची गोष्ट याहून निर्लज्ज आहे. क्वीन्समधली ‘फाइव्ह पॉइंट्झ’ ही जुनी कारखान्याची इमारत ग्राफिटीवाल्यांची पंढरी होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये मालकाने रातोरात तिच्यावर पांढरा रंग फासला आणि पुढे ती पाडून त्या जागी घरांचे टॉवर उभे केले. टॉवरना नाव काय दिलं? फाइव्ह पॉइंट्झ! चित्रं नकोत, चित्रकार नकोत, पण त्यांनी कमावलेलं नाव जाहिरातीला हवं. इथे एक बरं झालं. एकवीस कलावंत कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना ६७ लाख ५० हजार डॉलरची भरपाई दिली, कारण कलावंताच्या नैतिक हक्कांचा १९९० चा कायदा तिथे होता. अपिलातही निकाल टिकला. मालकीहक्काच्या पलीकडेही भिंतीवर कुणाचा तरी हक्क असतो, हे एका कोर्टाने पैशांच्या आकड्यात सांगितलं, याचं मोल मोठं आहे. इमारत मात्र परत आली नाही.

बर्लिनमध्ये ब्लूने आणि त्याच्या साथीदारांनी हीच लबाडी आधीच ओळखली होती. क्रॉइत्सबर्ग भागातल्या मोकळ्या जागेशेजारच्या त्याच्या दोन प्रचंड चित्रांपैकी एकात सोन्याच्या घड्याळांच्या बेड्या घातलेला, टाय सारखा करणारा, डोकं नसलेला साहेब होता. पुढे त्या जागेवर बिल्डरची योजना आली. चित्राच्या दर्शनाने घरांची किंमत वाढणार, भाडेकरू हुसकले जाणार आणि त्यांच्या बाजूने रंगवलेलं चित्र नव्या घरमालकाच्या खिडकीची शोभा होणार, हे उघड होतं. डिसेंबर २०१४ मध्ये ब्लूच्या संमतीने दोन्ही चित्रं काळ्या रंगाखाली गाडली.

आता बँक्सीबद्दल बोलू, कारण त्याच्यावर आंधळं प्रेम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ५ ऑक्टोबर २०१८ ला लंडनच्या सदबीज लिलावगृहात त्याचं फुगेवालीचं चित्र १० लाख ४२ हजार पौंडांना विकलं गेलं आणि हातोडा पडताच चौकटीत लपवलेल्या यंत्राने ते अर्धं फाडलं. जगभर टाळ्या पडल्या, बाजाराच्या कानाखाली वाजवली म्हणून. मला ती कानाखाली कधीच ऐकू आली नाही. खरेदीदाराने व्यवहार मोडला नाही, लिलावगृहाने नव्या नावाचं नवं चित्र जन्माला आल्याची घोषणा केली, आणि १४ ऑक्टोबर २०२१ ला त्याच लिलावगृहात ती फाटकी पट्टी १ कोटी ८५ लाख पौंडांच्या वर गेली. तीन वर्षांत जवळजवळ अठरा पट. बाजाराला दुखवायचं असेल तर ज्याने बाजाराचं नुकसान होईल असं काहीतरी करावं लागतं. ब्लूच्या करड्या रंगानंतर बोलोन्याच्या भिंतींवर विकण्यासारखं काही उरलं नाही. बँक्सीच्या यंत्रानंतर विकायला आधीपेक्षा महाग वस्तू मिळाली. या दोन कृतींना एकाच रांगेत बसवणाऱ्यांनी आकडे वाचावेत.

बँक्सीवर अन्यायही करायचा नाही. करोनाच्या काळात साउदॅम्प्टनच्या रुग्णालयाला त्याने दिलेलं परिचारिकेचं चित्र मार्च २०२१ मध्ये १ कोटी ६७ लाख पौंडांच्या वर गेलं आणि विक्रीची रक्कम आरोग्यसेवेशी जोडलेल्या संस्थांसाठी होती. भूमध्य समुद्रात बुडणाऱ्या निर्वासितांना वाचवायला त्याने बोट दिली. हा पैसा खरा होता, माणसं खरी होती. म्हणूनच माझी तक्रार पैशाबद्दल नाही. चित्रकाराने उपाशी राहावं तरच तो प्रामाणिक, ही भरल्या पोटांची आवडती शिकवण आहे आणि ती मला संतापजनक वाटते. रंग, शिडी, भाडं, दवाखाना, सगळ्याला पैसे पडतात.

पैसा घेऊन कणा शाबूत कसा ठेवायचा, हे दिएगो रिव्हेराने नव्वद वर्षांपूर्वी दाखवलं. १९३३ मध्ये न्यू यॉर्कच्या रॉकफेलर सेंटरच्या भिंतीसाठी त्याने २१ हजार डॉलर कबूल करून घेतले, तेही मंदीच्या काळात, जगातल्या सर्वांत धनाढ्य कुटुंबाकडून, आणि त्या भिंतीवर लेनिन काढला. तो पुसा म्हणून सांगितल्यावर त्याने लिंकन जोडायची तयारी दाखवली, पण लेनिनला हात लावू दिला नाही. त्याला कामावरून बाहेर काढलं, पैसे पूर्ण दिले आणि फेब्रुवारी १९३४ मध्ये भिंत फोडली. त्याच वर्षी मेक्सिको सिटीत त्याने ते चित्र पुन्हा रंगवलं, आणि या वेळी मद्याचा प्याला घेतलेला धाकटा जॉन डी. रॉकफेलर त्यात आणून बसवला, डोक्यावर गुप्तरोगाचे जंतू. रॉकफेलरचे पैसे त्याने घेतले, रॉकफेलरचं म्हणणं घेतलं नाही. कसोटी हीच आहे. पैसे कुणाचे हे मी दुसऱ्यांदा विचारीन. पैसे आल्यावर चित्रातून काय गळलं, हे आधी विचारीन.

आणि व्यवस्था ही कसोटी आपल्याहून चांगली ओळखते. सप्टेंबर २०२५ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसच्या भिंतीवर बँक्सीने हातोडा उगारलेला न्यायाधीश आणि खाली पडलेला निदर्शक काढला. पॅलेस्टिनी प्रश्नावरच्या एका बंदी घातलेल्या संघटनेच्या समर्थनार्थ जमलेल्या शेकडो लोकांना नुकतीच अटक झाली होती. इथे चित्र जपायला कुणी पारदर्शक आवरण लावायला धावलं नाही. चित्र झाकलं, पहारेकरी उभे केले, पोलीस चौकशी सुरू झाली आणि दोन-तीन दिवसांत ते घासून काढलं. इमारत वारसा यादीतली आहे हे कारण दिलं. नाव तेच, हात तोच, आणि हे चित्र बाजारात आणलं असतं तर कोट्यवधी मिळाले असते. तरी पुसलं, कारण ते ज्याला लागायचं त्याला लागलं.

मुंबईत हे सगळं फार गुळगुळीत होऊन आलं आहे. २००९ मध्ये तुळशी पाइप रोडची लांबच लांब भिंत महापालिकेने नागरिकांना रंगवायला खुली केली, ती राजकीय आणि धार्मिक मजकूर नको या अटीवर. तो रस्ता ज्या गिरणगावातून जातो, तिथे १९८२ च्या संपाने लाखो कामगारांचं आयुष्य मोडलं. त्या भिंतीवर राजकीय काही नको, म्हणजे तिथल्या माणसांबद्दलच काही नको. लोअर परळला मॉलमध्ये फिनिक्स मिलची चिमणी देखणी म्हणून राखली आहे आणि तिच्याखाली राबलेली माणसं उपनगरांच्या टोकाला फेकली आहेत. ‘आर्ट डिस्ट्रिक्ट’ म्हणून रंगवलेल्या वस्त्यांचं पुढे हेच होणार नाही, याची हमी कुणी देत नाही. ससून डॉकला २०१७ मध्ये कला-प्रकल्प झाला तेव्हा कोळ्यांचे मोठाले चेहरे भिंतींवर लागले. चेहरे मोलाचे होते, लावणाऱ्यांच्या हेतूवर मला शंका नाही. पण रंगाच्या कंपनीच्या मदतीने रंगणाऱ्या शहरात कोळणीचा चेहरा भिंतीवर चालतो. तिच्या बंदराचं, तिच्या मासळीबाजाराचं काय करताय, हा तिचा सवाल त्याच आकारात चालेल का?

भिंती विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे. तो असूनही ‘भावी आमदार’ साहेबांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स चौकाचौकात लटकतात, न्यायालय पुन्हा पुन्हा फटकारतं आणि पुढच्या वाढदिवसाला नवे फ्लेक्स येतात. सत्तेला भिंत फुकट, धंद्याला भाड्याने, आणि प्रश्न विचारणाऱ्याला पोलीस ठाणं.

आपल्याकडे हातात कौशल्य असलेली तरुण चित्रकार मंडळी खूप आहेत आणि त्यांना कामं मिळतायत, याचा मला आनंद आहे. बिनधास्त पैसे घ्या, भरपूर घ्या, चित्र पुसलं किंवा जाहिरातीत वापरलं तर भरपाईचं कलम करारात घालून घ्या. पण ‘राजकीय काही नको’ ही ओळ दिसली की तिच्यावर काट मारायला सांगा. नाही मारली तर काम करा हवं तर, घरखर्च सगळ्यांना आहे. फक्त उद्घाटनाच्या माइकवर त्याला जनतेची कला म्हणू नका. त्या भिंतीसमोरच्या फुटपाथवर राहणारं कुटुंब रंगकामाच्या आधी कुणी हलवलं, तेवढं त्या माइकवर विचारा.